दवाखान्यातली सलाईन सायकलपटूला का चालत नाही? ब्लड डोपिंगची पूर्ण गोष्ट

शिरूर असो की दौंड, उन्हातान्हात काम करून गळाठा आला, तापातून उठल्यावर अंगात त्राण राहिलं नाही, की माणूस दवाखान्यात जाऊन सांगतो, "डॉक्टर, एक सलाईन लावून टाका." तासाभरात बाटली रिकामी होते आणि माणूस घरी जातो. बऱ्याचदा डॉक्टरांनी "गोळ्यांवर भागेल" म्हटलं तरी पेशंटचं समाधान बाटलीशिवाय होत नाही.

आता हाच माणूस स्पर्धेत उतरणारा सायकलपटू आहे असं धरा. बाटली ५०० मिलिलिटरची, आत फक्त मीठ आणि पाणी. तरीही त्याच्यावर बंदी येऊ शकते. खेळातली उत्तेजकं रोखणारी जागतिक संस्था म्हणजे 'वाडा'. तिच्या यादीत १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं ही निषिद्ध पद्धत आहे. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणीचा भाग म्हणून घेतलं तर सूट, एरवी नाही. शर्यत चालू असो वा नसो, नियम वर्षभर लागू.

मीठ-पाण्याने कुणी शर्यत जिंकत नाही, मग एवढा कडक नियम कशाला? याचं उत्तर युरोपातल्या व्यावसायिक सायकलिंगच्या इतिहासात आहे. आणि तो इतिहास आता पुणे जिल्ह्यापासून फार लांब राहिलेला नाही. १९ ते २३ जानेवारी २०२६ दरम्यान जिल्ह्यातल्या रस्त्यांवर पुणे ग्रँड टूर झाली. सायकलिंगची जागतिक संघटना 'यूसीआय' हिच्या २.२ दर्जाची देशातली पहिली बहुटप्पी शर्यत म्हणून ती गाजली. एकूण अंतर सुमारे ४३७ किलोमीटर. अशा शर्यतीत जो सायकल चालवतो, त्याला टूर द फ्रान्सच्या खेळाडूला लागू असलेलेच डोपिंगचे नियम लागू होतात.

सगळा खेळ ऑक्सिजनचा

शिरूरहून न्हावरामार्गे चौफुल्याकडे जाणारा रस्ता बहुतांश सपाट आहे. अशा रस्त्यावर सायकलपटूचा मुख्य शत्रू वारा. पुढच्याच्या मागे चिकटून चालवलं तर मागच्याचे कष्ट बरेच वाचतात. घाट लागला की ही सोय संपते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, तो उगाच नाही. चढावर वेग कमी असतो, त्यामुळे कुणाच्या आडोशाचा फारसा उपयोग होत नाही. ज्याच्या स्नायूंना मिनिटाला जास्त ऑक्सिजन मिळतो तो पुढे जातो.

हा ऑक्सिजन वाहून नेतात रक्तातल्या लाल पेशी. गळीत हंगामातला साखर कारखाना डोळ्यासमोर आणा. कारखाना म्हणजे स्नायू, ऊस म्हणजे ऑक्सिजन आणि उसाच्या गाड्या म्हणजे लाल पेशी. कारखान्याची गाळप क्षमता कितीही मोठी असली तरी गाड्याच कमी असतील तर गाळप होणार कसं? गाड्या वाढवा, गाळप वाढतं. ब्लड डोपिंग म्हणजे या गाड्या लबाडीने वाढवणं.

पण गेटवर गाड्यांची रांग लागून रस्ता जाम झालेला साखरपट्ट्यात कुणी पाहिला नाही? रक्ताचंही तसंच आहे. लाल पेशी प्रमाणाबाहेर वाढल्या की रक्त दाट होतं, गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. घाम गाळून शरीरातलं पाणी कमी झालेल्या खेळाडूला हा धोका जास्तच.

रक्ताच्या एकूण आकारमानात लाल पेशींचा वाटा किती, या टक्केवारीला हिमॅटोक्रिट म्हणतात. निरोगी पुरुषात ती साधारण ४० ते ५० च्या दरम्यान असते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो बराच गोंधळ घालणार आहे.

पहिला मार्ग: रक्ताची पिशवी

१९७२ साली स्वीडनमधल्या स्टॉकहोमचे शास्त्रज्ञ ब्यॉर्न एकब्लोम यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही माणसांचं रक्त काढलं, साठवलं, काही आठवड्यांनी त्यातल्या लाल पेशी त्यांच्याच शरीरात परत घातल्या. मधल्या काळात शरीराने काढलेल्या रक्ताची भरपाई केलेली होती. त्यात ही भर पडली आणि दमसास वाढला. एकब्लोम यांना शरीरक्रिया समजून घ्यायची होती. खेळाच्या जगाने त्यातून वेगळाच धडा घेतला.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या सायकल संघाने ९ पदकं मिळवली. पुढे उघड झालं की संघातल्या काही खेळाडूंनी स्पर्धेआधी रक्त चढवून घेतलं होतं. स्वतःचं साठवायला वेळ नव्हता म्हणून काहींनी नातेवाइकांचं किंवा दुसऱ्यांचं घेतलं, आणि त्यातले काही आजारी पडले. त्या वेळी याविरुद्ध नियमच नव्हता. बोभाटा झाल्यावर ऑलिम्पिक समितीने बंदी घातली, पण ती पकडणारी चाचणी कुणाकडेच नव्हती.

पिशवीचा मार्ग कटकटीचा. रक्त काढायचं, योग्य तापमानात ठेवायचं, त्याची मुदत सांभाळायची, चोरून देशोदेशी न्यायचं. नंतर बाजारात असं काही आलं की पिशव्यांची गरजच उरली नाही.

दुसरा मार्ग: किडनीच्या पेशंटचं इंजेक्शन

किती लाल पेशी बनवायच्या हे शरीरात मुख्यतः किडनी ठरवते. ऑक्सिजन कमी पडतोय असं जाणवलं की ती एरिथ्रोपोएटिन, थोडक्यात ईपीओ, नावाचं संप्रेरक सोडते आणि हाडांच्या मगजाला निरोप जातो, पेशी वाढवा. किडनी निकामी झालेल्यांमध्ये हा निरोपच जात नाही, म्हणून डायलिसिसवरच्या पेशंटला तीव्र रक्तक्षय होतो. पूर्वी त्यांना सतत रक्त चढवावं लागायचं. प्रयोगशाळेत तयार केलेल्या ईपीओला १९८९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि या पेशंटचं आयुष्य बदललं. आज आपल्याकडच्या डायलिसिस केंद्रांतही हे इंजेक्शन रोजच्या वापरातलं आहे.

सायकलिंगमध्ये ते पसरायला वेळ लागला नाही. १९९० चं दशक हे ईपीओचं दशक. ते लघवीत सापडत नव्हतं, कारण शरीर स्वतःही ईपीओ बनवतंच. त्या सुमारास नेदरलँड्स-बेल्जियममधल्या काही तरुण सायकलपटूंचे झोपेत मृत्यू झाले आणि त्याचा दोष ईपीओला दिला गेला. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण ते मृत्यू ईपीओमुळेच झाले याचा ठोस पुरावा कधी पुढे आलेला नाही.

हतबल झालेल्या यूसीआयने १९९७ मध्ये एक विचित्र तोडगा काढला. पुरुष खेळाडूचा हिमॅटोक्रिट ५० टक्क्यांच्या वर गेला तर 'तब्येतीसाठी' त्याला दोन आठवडे शर्यतीबाहेर बसवायचं. याला डोपिंगची शिक्षा म्हणायचं नाही, फक्त विश्रांती. परिणाम काय झाला? मर्यादेचं लक्ष्य झालं. ज्याचा नैसर्गिक आकडा ४१ होता त्याला ४९ पर्यंत जायला जणू परवानाच मिळाला. आणि जन्मतःच ज्याचा ४८ होता तो प्रामाणिक असो वा नसो, त्याला हात हलवायला जागा नव्हती.

८ जुलै १९९८ ला फेस्टिना संघाचा कर्मचारी विली व्होए बेल्जियम-फ्रान्स सीमेवर अडवला गेला. त्याच्या गाडीत ईपीओसह औषधांचा मोठा साठा सापडला. टूर द फ्रान्स सुरू होण्याच्या तोंडावर ही धाड पडली आणि डोपिंग हा चार-दोन खेळाडूंचा नव्हे, संघांनी चालवलेला कारभार आहे हे जगाला कळलं. पुढच्या वर्षी इटलीच्या जिरो शर्यतीत आघाडीवर असलेला मार्को पंतानी शेवट दोन टप्प्यांवर असताना ५ जूनच्या सकाळी बाहेर फेकला गेला. हिमॅटोक्रिट ५२. इटलीचा हा लाडका घाटाचा राजा त्या धक्क्यातून सावरलाच नाही. १४ फेब्रुवारी २००४ ला तो हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला, कारण कोकेन. वय अवघं ३४.

हॅमस्टरने पकडून दिलं

ईपीओची चाचणी शोधली फ्रान्समधल्या संशोधकांनी. यातली युक्ती मजेशीर आहे. औषधातलं ईपीओ माणसाच्या शरीरात बनत नाही. मानवी जनुक चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींमध्ये घालून त्या पेशींकडून ते बनवून घेतलं जातं. काम तेच, पण त्या रेणूवर चिकटलेल्या साखरेच्या साखळ्या थोड्या वेगळ्या. त्यामुळे विजेच्या प्रवाहात हे रेणू शरीरातल्या ईपीओपेक्षा वेगळ्या जागी जाऊन थांबतात आणि पट्ट्यांचा नमुना वेगळा दिसतो. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून ही चाचणी वापरात आली.

मग खेळाडूंनी ईपीओ सोडलं का? सगळ्यांनी नाही. काहींनी मात्रा कमी केली. आणि बरेच जण परत पिशवीकडे वळले.

२००४ मध्ये दुसऱ्याचं रक्त ओळखणारी चाचणी आली. लाल पेशींवर रक्तगटाखेरीज इतरही लहानसहान खुणा असतात, दोन माणसांच्या त्या सगळ्या जुळणं जवळपास अशक्य. अथेन्स ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता टायलर हॅमिल्टन त्याच वर्षी स्पेनच्या शर्यतीत यात अडकला. त्याच्या बाजूने बचाव काय मांडला गेला, तर गर्भातच नाहीशा झालेल्या जुळ्या भावंडाच्या पेशी त्याच्या रक्तात राहिल्या असतील! तो चालला नाही, दोन वर्षांची बंदी झाली. २००७ मध्ये कझाकस्तानचा अलेक्झांडर विनोकुरोव टूर द फ्रान्समध्ये असाच सापडला.

स्वतःचं रक्त परत घेणाऱ्याला मात्र अशा खुणांवरून पकडता येत नाही. रक्त त्याचंच ना! मे २००६ मध्ये स्पेनच्या पोलिसांनी माद्रिदमध्ये डॉ. युफेमियानो फुएन्तेस यांच्याशी संबंधित जागांवर छापे घातले, तेव्हा शीतपेट्यांत रक्ताच्या दोनशेहून जास्त पिशव्या मिळाल्या. पिशव्यांवर टोपणनावं होती. इटलीच्या इव्हान बासोची ओळख पटवणारं नाव त्याच्या कुत्र्याचं होतं.

बाटली इथे येते

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. डेअरीवर दूध घालणाऱ्याला हे चटकन कळेल. दुधात पाणी घातलं की डिग्री उतरते. रक्ताचंही तेच. ईपीओ घेऊन हिमॅटोक्रिट ५३ वर गेला, तेवढ्यात तपासनीस दारात आला. शिरेतून वेगाने सलाईन सोडली की रक्त पातळ होतं आणि आकडा खाली येतो. लाल पेशी तेवढ्याच राहतात, मोजमाप फसतं.

लान्स आर्मस्ट्राँग प्रकरणात अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेने ऑक्टोबर २०१२ मध्ये जो अहवाल काढला त्यात असाच एक प्रसंग आहे. १९९८ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, नेदरलँड्स. तपासनीस आलेला असताना संघाच्या डॉक्टरने रेनकोटाखाली सलाईनची पिशवी लपवून त्याच्या समोरून आत नेली आणि चाचणीआधी आर्मस्ट्राँगला चढवली, असं सहकाऱ्याने शपथेवर सांगितलं. त्याच अहवालानंतर आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ची सातही टूर विजेतेपदं काढून घेतली गेली.

म्हणजे बंदी त्या मिठावर नाही. बाटलीचा उपयोग पुरावा धुऊन काढायला होतो, म्हणून बाटलीच बंद. आणि नियम हेतू विचारत बसत नाही. अमेरिकेचा ऑलिम्पिक जलतरणपटू रायन लॉक्टी याने मे २०१८ मध्ये शिरेतून द्रव घेतानाचा स्वतःचा फोटो सोशल मीडियावर टाकला. त्यात कुठलंही बंदी असलेलं औषध नव्हतं. पण मर्यादा ओलांडलेली होती. फोटो त्यानेच टाकला, चौकशी झाली आणि १४ महिने बंदी. चाचणीत काहीही सापडलेलं नसताना.

सायकलिंगमध्ये नियम आणखी कडक आहे. २०११ पासून यूसीआयने 'सुई नको' धोरण लावलंय. वैद्यकीय कारण नसताना नुसती ताकद भरून यावी म्हणून घेतलेलं जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही चालत नाही. आपल्याकडे अशक्तपणावर बी-१२ चं इंजेक्शन मारून घेणं किती सहज असतं हे पाहता, शर्यतीत उतरू पाहणाऱ्या गावाकडच्या पोरांना हा नियम आधी सांगायला हवा.

रक्ताचा पासपोर्ट

पदार्थ शोधायचा खेळ नेहमी एक पाऊल मागे राहतो हे लक्षात आल्यावर यूसीआयने २००८ मध्ये दिशा बदलली. खेळाडूच्या रक्तात काय घातलंय हे शोधण्याऐवजी त्याचं रक्त नेहमीसारखं वागतंय का हे पाहायचं. याला जैविक पासपोर्ट म्हणतात. वर्षभरात अनेकदा रक्त घेतात, आकडे नोंदवतात आणि प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. ५० ची सरसकट मर्यादा इथे निरुपयोगी ठरते.

यातला हुकमी साक्षीदार म्हणजे कोवळ्या लाल पेशी. मगजातून नुकत्या बाहेर पडलेल्या या पेशींचं प्रमाण थोडंसंच असतं. ईपीओ घेतलं की मगज जोरात कामाला लागतो, कोवळ्या पेशी वाढतात. उलट पिशवीतून रक्त चढवलं की शरीराला वाटतं, आता पेशी भरपूर झाल्या. मगज सुस्तावतो, कोवळ्या पेशी घटतात. हिमोग्लोबिन वर आणि कोवळ्या पेशी खाली, अशी जोडी निसर्गात सहजासहजी दिसत नाही. सलाईनने हिमोग्लोबिनचा आकडा पातळ करता येतो, पण कोवळ्या आणि जुन्या पेशींचं आपसातलं प्रमाण पाणी घालून बदलत नाही.

पासपोर्टमुळे डोपिंग थांबलं असं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये ऑस्ट्रियातल्या सीफेल्ड इथे स्कीइंगच्या जागतिक स्पर्धेदरम्यान पोलीस खोलीत शिरले तेव्हा एक खेळाडू हातात सुई असतानाच सापडला. त्या टोळीचा सूत्रधार जर्मन डॉक्टर मार्क श्मिट. त्याच्या गिऱ्हाइकांत सायकलपटूही होते. २०२१ मध्ये त्याला ४ वर्षं १० महिन्यांची शिक्षा झाली. पण असं करायला आता डॉक्टर, मदतनीस, शीतपेट्या आणि अचूक वेळापत्रक एवढं सगळं लागतं. १९९५ साली एक इंजेक्शन पुरत होतं.

दरम्यान नवी औषधंही आली आहेत. शरीराला 'ऑक्सिजन कमी आहे' असं भासवून त्याचंच ईपीओ वाढवणाऱ्या गोळ्या निघाल्या. त्यातली डेसिड्युस्टॅट ही भारतीय कंपनीने शोधलेली, २०२२ मध्ये आपल्याकडे किडनीच्या पेशंटसाठी मान्यता मिळालेली. पेशंटसाठी उत्तम सोय, पण या प्रकारच्या सगळ्या गोळ्या खेळाडूंना बंद. कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे बंद खोलीतल्या शेगडीने जीव घेणारा तोच वायू, थोडा थोडा वारंवार हुंगून पेशी वाढवण्याची शंका आल्यावर यूसीआयने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यावर बंदी घातली. वाडाच्या २०२६ च्या यादीतही तो आला आहे. तपासणीसाठी केलेला वापर तेवढा वगळला आहे.

आपल्याकडे काय?

भारताची प्रतिमा या बाबतीत चांगली नाही. वाडाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये देशात ५,६०६ नमुने तपासले गेले, २१३ सदोष निघाले. २०२४ मध्ये ७,११३ पैकी २६०. पुणेही यातून सुटलेलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यातल्या अर्धमॅरेथॉनमध्ये घेतलेल्या नमुन्यात महाराष्ट्राची एक लांब पल्ल्याची धावपटू दोषी आढळली आणि तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. ते प्रकरण रक्ताचं नव्हतं, ऑक्सँड्रोलोन या स्टेरॉइडचं होतं. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत २०२५ मध्ये जैविक पासपोर्ट सांभाळणारा विभाग सुरू झाला, म्हणजे रक्ताचा हिशेब आता देशातच ठेवता येईल.

खरी अडचण मात्र वेगळी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. अशा घरातली मुलगी सायकलिंगमध्ये आली आणि तिचं हिमोग्लोबिन ९ निघालं, तर तिने उपचार घ्यायचे नाहीत का? जरूर घ्यायचे. लोहाच्या गोळ्यांवर बंदी नाही. हळीव, पालेभाज्या, गूळ-शेंगदाणे यांवर तर नाहीच. प्रश्न येतो तो बाटलीतून लोह चढवताना. मात्रा १०० मिलिलिटरच्या वर गेली आणि ती बाहेरच्या दवाखान्यात दिली, तर आधी 'उपचारासाठीची सूट' मागावी लागते. हा अर्ज भारतात नाडाकडे, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेकडे, जातो. आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या सायकलपटूचा यूसीआयकडे. औषध चालतं की नाही हे पाहण्यासाठी नाडाचं 'नो युवर मेडिसिन' नावाचं ॲपही आहे.

आणि रात्री दहाला उलट्या-जुलाबांनी हैराण झालेल्या सायकलपटूला जवळच्या दवाखान्यात सलाईन लावावीच लागली तर? जीव आधी, शर्यत नंतर, नियमही तेच सांगतो. तातडीच्या उपचारानंतर मागाहून सूट मागता येते. त्यासाठी केसपेपर लागतो, त्यावर तारीख, वेळ, तपासणीत काय आढळलं, कोणता द्रव किती मिलिलिटर दिला आणि का, एवढं डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह लिहिलेलं असावं लागतं. मेडिकलचं बिल आणि रक्ताचा रिपोर्ट सोबत जोडायचा.